गोचीड ओढून काढा, जाळू नका

मोहफुले वेचून संपत आली की आपल्या जिल्ह्यातल्या देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांतली गावेच्या गावे तेंदूपानासाठी जंगलात शिरतात. पहाटे अंधारात निघालेली माणसे उन्ह चढल्यावर पानांचे भारे घेऊन घरी येतात आणि मग सारे कुटुंब ओसरीत बसून पुडे बांधते. याच वेळी कुणाचा तरी हात कमरेपाशी, काखेत किंवा गुडघ्यामागे जातो आणि बोटाला मसुराच्या दाण्याएवढे काहीतरी लागते. खाज नाही, दुखणे नाही. निरखून पाहिले तर त्याला पाय असतात. गोचीड लागलेली असते.

पुढे काय होते ते मी घरोघरी पाहिले आहे. कुणी पेटती बिडी टेकवतो. कुणी घासलेटचा बोळा लावतो. कुणी तळहातावर मळलेला चुना-तंबाखू चोपडतो, कुणी तेल घालतो आणि ती आपोआप सुटेल म्हणून वाट पाहतो. बहुतेक जण मात्र सरळ नखांत धरून उपटतात आणि अंगठ्यांच्या नखांमध्ये टचकन फोडतात. लहान मुलांना तर हा शेवटचा प्रकार खेळच वाटतो.

या अंकात मी गोचिडीवर का लिहिते आहे, असे काही वाचकांना वाटेल. शिष्यवृत्ती, वनहक्क, शिलाई वर्ग हे आपले नेहमीचे विषय. पण गोचीड काढायची योग्य रीत पाच मिनिटांत शिकता येते, तिला खर्च जवळजवळ नाही आणि ती माहीत नसल्याने कधीकधी जीव जातो. म्हणून या वेळी दोन-तीन पाने या विषयाला द्यावीत असे ठरवले.

आधी ही चिकटते कशी ते समजून घेऊ, म्हणजे बाकीचे पटेल. गोचीड हा कीटक नव्हे. तिला आठ पाय असतात, म्हणजे ती कोळी-विंचवांच्या नात्यातली. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लांना मात्र सहाच पाय असतात आणि ती राईच्या दाण्याहून बारीक दिसतात. गोचिडीला उडी मारता येत नाही, उडताही येत नाही. ती गवताच्या पात्यावर किंवा झुडपाच्या टोकावर पुढचे पाय पसरून बसते. माणूस किंवा जनावर घासून गेले की त्याला धरते आणि मग अंगावर चालत चालत मऊ, उबदार, झाकलेली जागा शोधते. म्हणून ती सापडते ती नाडी बांधतो तिथे, जांघेत, काखेत, बेंबीत, कानामागे, मानेवर केसांच्या मुळाशी.

जागा सापडली की ती आपली सोंड कातडीत घालते. या सोंडेवर मागे वळलेले बारीक काटे असतात, गळाला असतात तसे. आत जाताना अडत नाहीत, बाहेर येताना अडतात. शिवाय बऱ्याच जातींच्या गोचिडी तोंडातून एक चिकट द्रव सोडतात, तो घट्ट होऊन सोंड कातडीला जणू सिमेंटने बसवतो. तिच्या लाळेत चावा जाणवू न देणारे आणि रक्त गोठू न देणारे पदार्थही असतात. म्हणूनच ती दिवसच्या दिवस चिकटून राहिली तरी माणसाला पत्ता लागत नाही. आणि रोगजंतू माणसात येतात ते मुख्यतः या लाळेतूनच.

आता बिडीचा विचार करा. चटका बसला की गोचीड सोंड झटकन काढून पळून जाईल, असे आपल्याला वाटते. पण ती सिमेंटने बसलेली आहे. चटक्याने ती बिथरते आणि पोटातले व तोंडातले पाणी उलट जखमेतच सोडते. जे आत जाऊ नये तेच आपण तिला ओकायला लावतो. वर कातडी भाजते ती वेगळीच. घासलेट, चुना, स्पिरिट यांचाही परिणाम असाच. तेल किंवा व्हॅसलीन लावून तिचा श्वास कोंडावा म्हटले तर तोही हिशेब जमत नाही, कारण गोचीड तासाभरात काही मोजक्याच वेळा श्वास घेते. ती गुदमरेपर्यंत कित्येक तास जातात आणि तेवढा वेळ ती रक्त पीतच असते, लाळ सोडतच असते.

तेलावरून एकदा आमच्या प्रार्थनासभेनंतर चांगली चर्चा रंगली होती. एका वडीलधाऱ्या भावांनी विचारले, "दीदी, चांगल्या शोमरोन्याने जखमेवर तेल ओतले होते ना? मग आम्ही ओतले तर काय चुकले?" प्रश्न चांगला होता. ईश्वरविज्ञानाच्या पदविकेचा उपयोग गोचिडीसाठी करावा लागेल असे मला कधी वाटले नव्हते! मी म्हटले, त्या वाटसरूची जखम उघडी होती, तिच्यात कुणी बसलेले नव्हते. आणि शोमरोनी नुसते तेल ओतून निघून गेला नाही. त्याने त्या माणसाला उतारशाळेत नेले, त्याची काळजी घेतली आणि परत येऊन चौकशी करण्याचा शब्द दिला. या लेखाच्या उत्तरार्धात हीच परत चौकशी करण्याची गोष्ट येणार आहे.

गोचीड काढायला लागतो तो फक्त एक बारीक टोकाचा चिमटा. काटा काढायचा चिमटा आपल्याकडे पुष्कळ घरांत असतो, तो चालतो, पण त्याची टोके नीट जुळायला हवीत. बाजारात भुवया कोरायचे चिमटे मिळतात. त्यातला रुंद, चपट्या तोंडाचा घेऊ नका, कारण त्याने गोचिडीचे पोट दाबले जाते. टोकदार घ्या.

माणसाला उजेडात बसवा. केस किंवा कपडा बाजूला करा. चिमट्याने गोचिडीला कातडीच्या अगदी लगत धरा. तिचे फुगलेले पोट धरायचे नाही, जिथे ती कातडीत शिरली आहे तिथे धरायचे. चिमट्याची टोके कातडीला टेकली पाहिजेत. मग सरळ वर, एकसारख्या जोराने, हळू ओढत राहा. कातडी थोडी वर ओढली जाईल, तंबूसारखी उभी राहील. घाबरू नका, सोडू नका, झटका देऊ नका, पिळू नका. काही सेकंद तसेच धरून ठेवले की ती सुटते. विहिरीतून भरलेली बादली ओढतो तसे, हिसका न देता.

नंतर ती जागा आणि आपले हात साबणाने धुवा. स्पिरिट किंवा आयोडीनचे औषध असेल तर या वेळी लावा. त्या जागी लहानशी लाल गाठ राहते, चार-सहा दिवस खाजते. त्याची काळजी नाही.

तोंड आत राहिले तर? हा प्रश्न प्रत्येक सभेत येतोच. आत राहिले असेल आणि चिमट्याने सहज निघत असेल तर काढा. निघत नसेल तर सुईने कोरत बसू नका. कुसळ कातडीत राहिले तर शरीर ते जसे बाहेर टाकते, तसे तेही टाकते. कोरल्याने जखम मोठी होते आणि पिकते. मागे राहिलेल्या सोंडेच्या तुकड्यापेक्षा दोन दिवस लावून ठेवलेली अख्खी गोचीड कितीतरी जास्त धोक्याची आहे.

चिमटाच नसेल आणि जंगलात असाल तर शिवायच्या दोऱ्याचा एक फास करून तो गोचिडीभोवती कातडीलगत घाला, गाठ आवळा आणि दोन्ही टोके धरून सरळ वर ओढा. तेही नसेल तर कापडाच्या किंवा प्लास्टिकच्या तुकड्याने बोटे झाकून, नखांनी कातडीलगत धरून काढा. घरी जाऊन चिमटा शोधू म्हणून संध्याकाळपर्यंत थांबण्यापेक्षा हे बरे. जितका वेळ ती चिकटून, तितका धोका जास्त. कधीकधी एकाच ठिकाणी बारीक पिल्लांचा झुबकाच्या झुबका अंगावर चढतो, अशा वेळी चिमटा पुरत नाही. पाकिटे चिकटवायची रुंद चिकटपट्टी त्यावर दाबून उचलली की बरीचशी निघून येतात, उरलेली साबण लावून खसखसून अंघोळ केल्यावर जातात.

काढलेली गोचीड नखाने फोडायची नाही. तिच्या पोटातले रक्त आपल्या बोटावरच्या बारीक चिरेत जाते, त्याच हाताने आपण डोळा चोळतो. आणि जिवंत अंगणात फेकूनही द्यायची नाही. रक्त पिऊन टरारलेली मादी भिंतीच्या फटीत जाऊन दोन-तीन हजार अंडी घालते. ती चिकटपट्टीत दुमडून बंद करा, किंवा झाकणाच्या बाटलीत साबणाचे दाट पाणी अगर स्पिरिट घेऊन त्यात टाका. साध्या पाण्यात ती बराच काळ तग धरते. घासलेट कुणाकडे उरले असेल तर त्याचा उपयोग इथे आहे, त्या बाटलीत. अंगावर नाही.

गोचीड निघाली की बहुतेकांना काम संपले असे वाटते. खरी काळजी घ्यायची ती यानंतरचे दोन-तीन आठवडे. गोचिडीच्या लाळेतून येणाऱ्या आजारांत आपल्या भागात ध्यानात ठेवायचा तो गोचीडताप. डॉक्टर त्याला टिक टायफस म्हणतात, तो रिकेट्सिया नावाच्या जंतूंमुळे होतो. विदर्भात हा आजार मुलांमध्ये आढळतो आणि अकोल्याच्या बालरोगतज्ज्ञांनी त्यावर अभ्यास प्रसिद्ध केलेले आहेत. चाव्यानंतर काही दिवसांनी जोराचा ताप येतो, डोके आणि अंग खूप दुखते, मग अंगावर बारीक लाल पुरळ उठते. सावळ्या कातडीवर हे पुरळ पटकन दिसत नाही. म्हणून तळहात आणि तळपाय पाहायचे. गोवरात किंवा साध्या उष्णतेच्या पुरळात तळपायावर सहसा काही नसते, यात असू शकते.

याचा जवळचा नातेवाईक म्हणजे स्क्रब टायफस. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भातल्या इतर जिल्ह्यांत त्याचे रुग्ण मोठ्या संख्येने निघाले आणि काही दगावले, तेव्हा हे नाव वर्तमानपत्रांतून आपल्यापर्यंत पोहोचले. तो गोचिडीने होत नाही. गवतात, बांधावर, उंदरांच्या वस्तीजवळ राहणाऱ्या एका फार बारीक माइटच्या पिल्लामुळे होतो. हे पिल्लू डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही, त्यामुळे चिमट्याने काढण्याचा प्रश्नच येत नाही. धानाचे निंदण, गवत कापणे, बांधावर बसून जेवणे, शौचाला झुडपाआड बसणे, अशा वेळी ते लागते. ऑगस्ट ते नोव्हेंबर हा त्याचा काळ. ते चावले तिथे एक काळी, सुकी, न दुखणारी खपली धरते, कुणी विडीचा चटका दिल्यासारखी. गोचीडतापातही कधीकधी अशी खपली असते.

आता पुन्हा त्या बिडीकडे वळते. ही काळी खपली म्हणजे डॉक्टरांना मिळालेला सर्वात मोठा पुरावा असतो. ती दिसली की अनुभवी डॉक्टर तपासणीचा अहवाल येण्याआधीच योग्य औषध सुरू करतात. आणि आपण नेमके त्याच जागी बिडी टेकवून खऱ्या खपलीसारखाच दिसणारा डाग करून ठेवतो. मग डॉक्टरांनी तो डाग आजाराचा समजायचा की बिडीचा? जाळण्याविरुद्धची बाकीची सगळी कारणे कुणी विसरले तरी चालेल, एवढे एक लक्षात ठेवावे.

आमच्या कामाच्या भागातली एक गोष्ट सांगते. सालेकसा तालुक्यातल्या एका टोल्यावर नऊ वर्षांच्या मुलीला सहा दिवस ताप होता. मी गेले तेव्हा ती खाटेवर पडून होती, डोळे लाल, पाय सुजलेले. आईने सांगितले, "रक्त तपासलं ना दीदी, दोनदा तपासलं. मलेरिया नाही निघाला." मलेरिया नाही हे कळल्यावर घर थोडे निश्चिंत झाले होते. गावातल्या एका फिरत्या माणसाकडून दोन सुया टोचून झाल्या होत्या. पुजाऱ्याने धागाही बांधला होता. चुलीपाशी बसलेली आजी मध्येच म्हणाली की दहा-बारा दिवसांमागे मोहाखाली वेचताना पोरीच्या कानामागे मोठी गोचीड होती, तिनेच काढली. हे तिने आधी कुणालाच सांगितले नव्हते, कारण कुणी विचारलेच नव्हते. मुलीचे तळपाय पाहिले तर ठिपके होते. त्याच दिवशी तिला रुग्णालयात नेले आणि आजीचे ते एक वाक्य डॉक्टरांना जसेच्या तसे सांगितले. त्यांनी औषध सुरू केले. तिसऱ्या दिवशी ताप उतरला.

आपल्याकडे ताप म्हटला की आधी मलेरिया, आणि ते योग्यच आहे. आशाताईंकडे किट असते, ती तपासणी पहिल्याच दिवशी करावी. अडचण येते ती 'नाही' असे उत्तर आल्यावर. मलेरिया नाही म्हणजे काही नाही, असा अर्थ घेतला जातो. खरे तर शोध तिथून सुरू व्हायला हवा. गोचीडताप आणि स्क्रब टायफस या दोन्हींवर डॉक्सिसायक्लिन हे जुने, स्वस्त औषध चालते. वेळेवर सुरू झाले तर बहुधा दोन-तीन दिवसांत ताप उतरतो. उशीर झाला तर फुप्फुस, मूत्रपिंड, मेंदू यांवर परिणाम होऊन रुग्ण हाताबाहेर जातो. तापात सर्रास टोचली जाणारी पेनिसिलीनच्या जातीची औषधे या जंतूंवर काम करत नाहीत, त्यामुळे 'सुई तर घेतली होती' या समाधानाला अर्थ उरत नाही. मात्र औषध आणि त्याचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायचे. गरोदर बाईसाठी ते वेगळे औषध देतात. घरात उरलेल्या गोळ्या कुणाला देऊ नका.

तर गोचीड काढली तो दिवस लक्षात ठेवा. घरात कालनिर्णय टांगलेले असेल तर त्या तारखेवर 'गोचीड' असे लिहा आणि कुणाला लागली त्याचे नाव. लिहिता येत नसेल तर कोणत्या बाजाराच्या आधी किंवा नंतर ते ध्यानात ठेवा. आमच्या बायका बाजाराच्या हिशेबाने दिवस अचूक सांगतात. पुढच्या तीन आठवड्यांत ताप आला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात गेल्यावर कुणी विचारण्याची वाट न पाहता सांगा: अमुक दिवशी गोचीड लागली होती, इथे लागली होती. रात्री ताप वाढला, माणूस बरळू लागला, श्वास जोरात चालला किंवा लघवी कमी झाली तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा. पुजाऱ्याकडे जायचे असेल तर अवश्य जा, आम्हीही प्रार्थना करतोच. पण गाडी आधी बोलवा.

मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांमुळे काही जण माकडतापाला घाबरतात. तो आजार खरा आहे, गंभीरही आहे. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात तो पहिल्यांदा ओळखला गेला. माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसे आजारी पडली, म्हणून हे नाव. आपल्या राज्यात २०१६ पासून सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागात आणि शेजारच्या गोव्यात काजूच्या बागांत काम करणाऱ्यांना त्याने गाठले. हा सह्याद्रीच्या पट्ट्यातला आजार आहे. कामासाठी तिकडे जाणाऱ्या आपल्या मुलांनी काळजी घ्यावी आणि मेलेल्या माकडाजवळ जाऊ नये. दुसरा आहे काँगो ताप. भारतात तो २०११ मध्ये गुजरातेत अहमदाबाद जिल्ह्यात पहिल्यांदा सापडला, आणि २०२० मध्ये गुजरातेत रुग्ण निघाल्यावर पालघर जिल्हा प्रशासनाने पशुपालकांना सावध केले होते. जनावरांवरची गोचीड उघड्या हाताने फोडल्यानेही तो लागू शकतो. त्याचे नाव इथे घेतले ते एवढ्याचसाठी.

आता जनावरांकडे येते, कारण घरातल्या गोचिडीचा उगम बहुधा तिथेच असतो. कुत्रा दिवसभर जंगलात फिरतो आणि रात्री मुलांच्या खाटेखाली झोपतो. त्याच्या कानात, बोटांच्या बेचक्यांत, काखेत, गळ्यातल्या पट्ट्याखाली आणि शेपटीच्या मुळाशी रोज हात फिरवून पाहा. काढायची रीत तीच, चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर. फरक इतकाच की कुत्र्याला कुणीतरी धरायला हवे आणि तोंडाशी भाकरीचा तुकडा ठेवला तर काम लवकर होते. कुत्रा खात नसेल, हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील, नाकातून रक्त येत असेल तर तोही गोचिडीतून आलेला ताप असू शकतो. त्यावरही औषध आहे.

गाई-बैलांवर शेकड्यांनी गोचिडी असतात, तिथे चिमटा कुठवर पुरणार? गाईला एकदम जोराचा ताप येऊन लघवी लाल किंवा कॉफीसारखी होऊ लागली, किंवा मानेजवळच्या गाठी सुजल्या, तर गोचिडीतून आलेले रक्तातले रोग असतात आणि संकरित गाई त्यांना फार लवकर बळी पडतात. १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा फोन क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा. गोचिडीवरचे फवारणीचे औषध पशुवैद्यकांना विचारूनच आणा. लेबलवर लिहिले आहे तेवढेच पाणी घाला, जनावराला आधी पाणी पाजा म्हणजे ते अंग चाटणार नाही, तोंड-डोळे सांभाळा आणि कासेला लागू देऊ नका. इंजेक्शन दिले तर दूध किती दिवस वापरायचे नाही हेही विचारा. हे औषध माणसाच्या डोक्यात उवांसाठी लावल्याचे मी ऐकले आहे. ते विष आहे, मुलांच्या डोक्याला लावू नका. सीताफळाच्या बियांची पूडही तशीच. जुना उपाय म्हणून लोक ती वापरतात, पण ती डोळ्यात गेली तर बुबुळ भाजून निघते आणि दिसायचे बंद होऊ शकते. करंज किंवा कडुलिंबाचे तेल जनावराच्या अंगाला चोळायला हरकत नाही, त्याने नव्या गोचिडी कमी चढतात.

नुसते जनावर फवारून मात्र भागत नाही. अंडी घालणारी मादी अंगावरून उतरून गोठ्याच्या फटीत जाते. भिंतीच्या भेगा शेणामातीने किंवा चुन्याने बुजवा, शेणाचा ढीग दूर न्या, कोपऱ्यातला कचरा काढा. कोंबड्या गोठ्यात मोकळ्या सोडा, त्या पडलेल्या गोचिडी आवडीने टिपतात. पण फवारणीनंतर काही दिवस त्यांना गोठ्यात जाऊ देऊ नका. चरताना पाठीवर बसणारा गायबगळाही हेच काम फुकट करतो. मुलांनी त्याला गलोलने मारू नये.

मांजर असेल तर एक सूचना. कुत्र्यांच्या काही गोचीडनाशकांत पर्मेथ्रिन असते, ते मांजराला मारते. कुत्र्याचे औषध मांजराला कधीही लावू नका. मांजराची गोचीड चिमट्यानेच काढा, ओरखडे निघतील तेवढे सोसा.

तेंदूपानाला जाताना पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट घाला आणि पायजम्याची टोके मोज्यात खोचा. मे महिन्यात हे सांगणे सोपे आणि पाळणे कठीण, हे मला कळते. म्हणून परत आल्यावरची तपासणी जास्त महत्त्वाची मानते. घरी आल्याबरोबर कपडे काढून उकळत्या पाण्यात घाला किंवा तापलेल्या पत्र्यावर कडक उन्हात पसरा, झोपण्याच्या खाटेवर टाकू नका. अंघोळ करा आणि एकमेकांची पाठ, मान, कानामागची जागा पाहा. बायकांनी बायकांची, आईने मुलांची. वसतिगृहातल्या मुलांना सुट्टीवरून परत आल्यावर पहिल्या संध्याकाळी हेच करायला लावतो. दाराच्या खिळ्याला दोरीने चिमटा टांगलेला आहे, शेजारी साबणपाण्याची बाटली आणि एक वही. वहीत तारीख, नाव आणि अंगावरची जागा लिहायची, आणि ती वही एकवीस दिवस मिटवून ठेवायची नाही. आपल्या मंडळीत किंवा गावात असा चिमटा टांगायचा असेल तर पुढच्या मासिक सभेला येताना सांगा, आम्ही काही जास्तीचे आणून ठेवले आहेत.